फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं

पोचलात ना? आधी खिडकी उघडा,
समुद्राकडची. खाडीकडची नको.
खाडीकडून दुपारी सुकटीचा वास येतो,
तो तिसऱ्या दिवशी आवडायला लागेल, आज नाही.

गॅस काडीनेच पेटवा. लायटर तीन घेतले,
तिन्ही खाऱ्या हवेने खाल्ले.
मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे आहेत, अळ्या नव्हेत.
मागच्या बाईंनी बरणीच उकिरड्यावर ओतली.

नळाला पाणी सहाला. मचूळ.
प्यायचं माठात, आणि माठ भरायचा तुम्ही.
पाहुणे आहात, पण तुमचं इथे कुणी करणार नाही.
सुट्टी म्हणजे परक्या चुलीवर आपलीच डाळ,
माझा तरी तेवढाच अनुभव.

मालाडहून तेल आणि चहा सोडून काही आणू नका.
आणलंत? असू दे.
मार्वेच्या तरीत पिशव्या मांडीवर घ्यायच्या असतात,
हे मी आधी सांगायला हवं होतं. अंडी शाबूत आहेत का बघा.
पाव सकाळी सायकलवर येतो.
भोंगा वाजला की गाउनवर धावलात तरी चालेल,
अख्खं मनोरी तसंच धावतं.

मासळी चांगुणाकडे, पिंपळाखाली नाही, क्रूसापाशी.
कल्ला उचलून बघा.
लाल असेल तर घ्या,
काळपट असेल तर तिच्या नातवाची चौकशी करा
आणि पुढे चला.
बोंबील त्याच दिवशी. ‘उद्या करू’ असं
बोंबलाला म्हणायचं नसतं.
घासाघीस करा, पण ती हसली की थांबा.

बाटलीतला मसाला माझ्या हातचा. एक चमचा, सपाट.
चमच्यावर डोंगर करणारे रात्री
माझं दार वाजवून ताक मागतात.

पोहायला जायचं तर कॅलेंडर बघा, घड्याळ मागाहून.
तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा,
भरतीची वेळ येते.
अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा.
गणित जमत नसेल तर पायरीवर बसून राहा,
पाणी काय, येतंच.

ताटं मोजून सहा आहेत.
सातवं, काठाला पोचा आलेलं, सबनीसांचं.
पंधरा दिवसांसाठी आले होते, एकटे,
आणि आणली होती दोन ताटं.
भात कसा करायचा ते कुंपणावरून विचारायचे.
मी म्हटलं, तांदळावर बोटाचं एक पेर पाणी.
सोमवारी लगदा. मंगळवारी लगदा.
बुधवारी विचारतात, अगदी गंभीरपणे,
“पेर कुणाच्या बोटाचं?”
रात्री मोरीत ताटं घासल्याचा आवाज यायचा,
एक, मग थोडं थांबून दुसरं.
मी काही विचारलं नाही. मी बडबडी आहे, तरी नाही.
जाताना एक राहिलं. मी ते घेऊन धक्क्यापर्यंत धावले,
तर तरीतूनच म्हणाले,
“असू द्या, त्याला इथली हवा मानवली.”

तेव्हा ते ताट वापरा. देव्हाऱ्यात ठेवलेलं नाही.
फक्त रात्रभर भिजत टाकू नका, गंज चढतो,
आणि आपल्यापैकी कुणाला त्यात जेवायचं
हे पोरांना भांडून ठरवू द्या.

निघताना उरलेलं फेकू नका.
अर्धा कांदा सुद्धा कुणाचं तरी पोहे अडवून असतो.
तुम्हाला सापडलेली चहापत्ती नाशिकच्या जोडप्याची आहे,
आलं कुणाचं, आठवत नाही.
सिलिंडर बंद. पंखा बंद. चावी शेजारी, माझ्याकडे,
मी झोपले असेन तर तुळशीच्या नाही,
कोरफडीच्या कुंडीत.

मांजराचं नाव मुनशी.
तो सांगेल की सकाळपासून उपाशी आहे.
माझ्याकडे दोनदा जेवून आलेला असतो.

सेवरीन किणी

ता. क. सबनीसांचा फोन मध्येच येतो. परवा आला होता.
“आज मोकळा झाला,” एवढंच म्हणाले, आणि ठेवला.